बर्गनचा खासगी गुप्तहेर : एका लेखाच्या कामाच्या नोंदी

१२ मे

संपादकांशी फोनवर बोलणं झालं. दिवाळी अंकासाठी त्यांना ‘नॉर्डिक गुन्हेपट’ असा सगळा पसारा हवा होता. मी विषय आवळून घेतला. फक्त नॉर्वे, आणि नॉर्वेतलेही फक्त खासगी गुप्तहेर. “पोलीस वगळले तर हातात राहतं काय?” त्यांनी विचारलं. शंका रास्त आहे. लेखाची सुरुवात तिथूनच करायची असं ठरवलंय.

स्वीडन आणि डेन्मार्ककडून आपल्यापर्यंत जे पोचलं ते बहुतेक सगळं पोलीस ठाण्यातलं. थकलेला निरीक्षक, फळ्यावर डकवलेले फोटो, प्रयोगशाळेचे अहवाल. खासगी गुप्तहेर मात्र अमेरिकी शहराचं अपत्य आहे. जिथे पोलीस विकले गेलेत आणि नगरपालिका पोखरलेली आहे, तिथे रोजावर काम करणारा एकटा माणूस खरा वाटतो. नॉर्वेत पोलिसांवर लोकांचा विश्वास आहे. गस्तीवरचे पोलीस परंपरेने कमरेला पिस्तूल लावत नसत, ते गाडीत कुलपात ठेवलेलं असे. पंचावन्न लाखांच्या देशात वर्षाला खून होतात साधारण तीस-चाळीस. उपचार, शिक्षण, म्हातारपण, बेकारी, सगळ्याची जबाबदारी सरकारने घेतलेली. अशा देशात खासगी गुप्तहेराच्या दारावर थाप मारणार कोण?

तरीही तिथे एका कल्पित खासगी गुप्तहेरावर २००७ ते २०१२ या काळात बारा चित्रपट निघाले. त्याचं नाव वार्ग वेउम, गाव नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बर्गन. लेखाचा कणा तोच.

१९ मे

पूर्वपीठिका. ती लेखात दोन परिच्छेदांपेक्षा जास्त नको, पण वगळताही येणार नाही.

नॉर्वेत रहस्यकथेचं वेड जुनं आहे. स्वेन एल्वेस्टाड या पत्रकाराने ‘स्टाइन रिव्हर्टन’ या टोपणनावाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आस्बयोर्न क्राग हा गुप्तहेर उभा केला. पोलिसातून बाहेर पडलेला, आता स्वतंत्रपणे काम करणारा. क्नूट ग्रिब हा दुसरा नायकही एल्वेस्टाडचाच. १९०८ पासून तो स्वस्त साप्ताहिकांतून गाजला आणि पुढे वेगवेगळ्या लेखकांनी त्याला पिढ्यान्‌पिढ्या चालवलं. आजही नॉर्वेतला रहस्यकथेचा मानाचा पुरस्कार रिव्हर्टनच्याच नावाने दिला जातो, १९७२ पासून. बक्षीस म्हणून सोनेरी रिव्हॉल्व्हर मिळतं.

ईस्टरचा किस्सा घ्यायलाच हवा. १९२३ मध्ये बर्गन-ओस्लो रेल्वेवरच्या दरोड्याची एक कादंबरी आली. प्रकाशकाने तिची जाहिरात ‘आफ्टनपोस्टन’ या दैनिकाच्या पहिल्या पानावर थेट बातमीच्या मथळ्यासारखी छापली: बर्गनची गाडी काल रात्री लुटली. अनेकांना ते खरंच वाटलं. तेव्हापासून ईस्टरच्या सुट्टीत डोंगरातल्या लाकडी घरात बसून खुनाच्या कथा वाचायच्या, असा रिवाज पडला. आता त्या आठवड्यात वाहिन्यांवर गुन्हेमालिका लागतात आणि दुधाच्या खोक्यांवरही रहस्यकथा छापतात. त्या कादंबरीवर १९२८ मध्ये मूकपटही निघाला.

चित्रपटांत मात्र खासगी गुप्तहेर फारसा स्थिरावला नाही. एडिथ कार्लमार या नॉर्वेच्या पहिल्या स्त्री-दिग्दर्शक. १९४९ च्या त्यांच्या ‘डोडेन एर एट शेर्टेग्न’मध्ये काळोख, वासना, खून हे सगळं आहे, पण शोध घेणारा नायक नाही. १९५८ च्या ‘डे डोडेस त्येर्न’मध्ये जंगलातल्या तळ्याचं गूढ एक मनोविश्लेषक उकलतो. म्हणजे हौशी माणूस आहे, तर्क आहे, पण गुप्तहेरगिरी हा कुणाचा पोटापाण्याचा धंदा नाही. कचेरी उघडून, पाटी लावून, गिऱ्हाइकाची वाट पाहणारा माणूस नॉर्वेत ठसठशीतपणे आला तो १९७७ मध्ये, आणि आला पुस्तकातून.

२ जून

वेउमचे लेखक गुन्नार स्टोलेसेन यांचा जन्म १९४७ चा, बर्गनचा. वेउमची पहिली कादंबरी १९७७ ची, आणि पुढे वीसहून अधिक. उत्तर समुद्रातल्या एक्कोफिस्कच्या तेलसाठ्याचा शोध १९६९ च्या अखेरीस जाहीर झाला, १९७१ मध्ये उत्पादन सुरू झालं. वेउम जन्मला तो या पैशाची ऊब घराघरांत पोचू लागली तेव्हा. मासेमारी आणि जहाजांवर जगलेलं शहर नव्या उपनगरांत, उंच इमारतींत पसरत होतं. त्या स्थित्यंतरात कोण मागे पडलं हे स्टोलेसेन सातत्याने विचारतात.

वेउमची कचेरी स्ट्रांडकायेन या धक्क्यावर. खिडकीतून वोगेन बंदर, मासळीबाजार, पलीकडे ब्रिगेनची लाकडी घरं. आज त्याच रस्त्यावर भिंतीला टेकलेला त्याचा पूर्णाकृती पुतळा आहे. कल्पित गुप्तहेराला गावाने आपला रहिवासी करून घेतलंय.

त्याचा आधीचा पेशा सर्वांत महत्त्वाचा. वेउम पोलीस नव्हता, सैनिक नव्हता, वकीलही नव्हता. तो बालकल्याण खात्यात समाजसेवक होता. एका प्रकरणात तोल सुटला आणि नोकरी गेली. म्हणजे अमेरिकी गुप्तहेर जसा पोलिसांच्या यंत्रणेतून बाहेर फेकला जातो, तसा हा कल्याणकारी राज्याच्या यंत्रणेतून फेकला गेलाय. अमेरिकी नमुना उचलून त्यात नॉर्वेचं रक्त घालायचं तर दुसरा कुठलाच पेशा चालला नसता. त्याच्याकडे येणाऱ्या माणसांच्या घरांत त्याने सरकारी कागद घेऊन पूर्वी पाऊल टाकलेलं असतं. मुलाकडे पाहण्याची त्याची नजर वेगळी असते. मूल गप्प का आहे, हे त्याला कळतं.

१९७९ च्या कादंबरीत त्याचं गिऱ्हाईक एक लहान मुलगा आहे. मोठ्या पोरांच्या टोळक्याने पळवलेली सायकल परत मिळवून द्या, एवढंच त्याचं मागणं. त्या सायकलीमागे जात जात वेउम एका खुनापर्यंत पोचतो. खासगी गुप्तहेराच्या कथेची इतकी साधी, इतकी खरी सुरुवात मला दुसरीकडे सापडलेली नाही.

आणखी एक बारकावा. कादंबऱ्यांत वेउमला माहिती पुरवणारी करीन ब्यर्गे लोकसंख्या-नोंदणी कार्यालयात काम करते. अमेरिकी गुप्तहेराला खबर मिळते दारूच्या गुत्त्यावर. नॉर्वेत प्रत्येक माणसाचा पत्ता, जन्म, लग्न, स्थलांतर सरकारदरबारी नोंदलेलं, म्हणून इथे गुप्तहेराचा खरा मित्र म्हणजे नोंदणी खात्यातली कारकून बाई. चित्रपटांच्या दुसऱ्या संचात ही भूमिका लेने नाय्स्ट्रोम यांनी केली आहे. नव्वदच्या दशकात ‘बार्बी गर्ल’ म्हणणाऱ्या ‘ॲक्वा’ बँडची गायिका ती हीच, हे वाचकांना आवडेल.

९ जून

बालकल्याण खात्याबद्दल लिहिताना एक अडचण दिसतेय. मराठी वाचकाच्या मनात ‘नॉर्वे आणि मुलं’ म्हटलं की एकच चित्र उभं राहतं: स्टाव्हांगरमध्ये २०११ साली एका भारतीय जोडप्याची मुलं सरकारने ताब्यात घेतली, ते प्रकरण. त्यावरचा ‘मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे’ हा २०२३ चा चित्रपट अनेकांनी पाहिलाय. त्यात हे खातं एखाद्या निर्दय यंत्रासारखं येतं. नॉर्वेच्या भारतातल्या राजदूतांनी चित्रपटावर जाहीर आक्षेप घेतला होता. दुसऱ्या बाजूला, २०१९ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या खंडपीठाने एका मुलाच्या दत्तकप्रकरणी नॉर्वेने कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग केल्याचा निकाल दिला. म्हणजे वाद आपल्याच मनचा नाही.

बर्गनला राहणाऱ्या मावसबहिणीला फोन केला. ती तिथल्या बालवाडीत शिकवते. “ताई, आम्हाला कायद्यानेच कळवावं लागतं,” ती म्हणाली. “मुलाचं काही गंभीर बिनसलंय असं वाटण्यासारखं कारण असेल तर मी गप्प बसू शकत नाही. आईबाप माझे कितीही ओळखीचे असोत.”

“आणि तुझा अंदाज चुकला तर?”

“तर त्या घराचं काय होतं ते मी रोज डोक्यात घेऊन झोपते. पण नाही कळवलं आणि खरंच काही होत असलं, तर?”

या दोन ‘तर’च्या मधली जागा हीच वेउमची जागा. ते राज्य मुलासाठी घरात शिरतं. १८९६ च्या कायद्यापासून शिरत आलंय. १९८१ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र लोकपाल नेमणारा नॉर्वे हा जगातला पहिला देश. १९८७ मध्ये आईबापांनी मुलांवर हात उगारणंही कायद्याने बंद झालं. इतकं करूनही काही मुलं निसटतात, आणि काही मुलं या हस्तक्षेपामुळेच मोडतात. वेउम ही दोन्ही टोकं आतून पाहिलेला माणूस आहे. खात्यातून हाकलल्यावरही तो मनाने खात्यातच राहतो. चित्रपटांचं मोल ठरवताना मला हीच फूटपट्टी वापरायची आहे: हा माणूस पडद्यावर समाजसेवक उरतो की नाही?

१५ जून

चित्रपटांचा तपशील एका जागी मांडला. पहिल्या संचात सहा, दुसऱ्यात सहा. ट्रॉन्ड एस्पेन सेइम सर्व बारा चित्रपटांत वेउम, ब्योर्न फ्लोबेर्ग पोलीस निरीक्षक हाम्रे. दिग्दर्शक बदलत राहतात. २००७ चा पहिला, ‘बित्रे ब्लोमस्टेर’ म्हणजे कडू फुलं, उलरिक इम्तियाझ रोल्फसेन यांचा. तो चित्रपटगृहांत लागला. संचातला एखादा चित्रपट पडद्यावर आणायचा आणि बाकीचे बरेचसे थेट डीव्हीडीवर काढायचे, हा तेव्हाचा स्कँडिनेव्हियातला रूढ हिशेब. स्वीडनमध्ये पोलीसपटांचे संच याच पद्धतीने निघत.

या हिशेबाचे परिणाम पडद्यावर दिसतात. एकाच कलाकारसंचावर सहा चित्रपट लागोपाठ उभे करायचे म्हणजे प्रत्येकाची लांबी दीड तासाच्या आसपास, घटनांची मांडणी एका साच्यातली, आणि दिग्दर्शकाला स्वतःचा सूर लावायला जागा थोडी. तरी काहींनी ती जागा मिळवली, हे त्यांचं कौतुक.

२००८ चा ‘फाल्ने एंगलेर’ हा मोर्टेन टिल्डुम यांचा. ते स्वतः बर्गनचे. पुढे २०११ मध्ये ‘होडेयेगेर्ने’ करून ते जगाच्या नजरेत आले आणि २०१४ च्या ‘द इमिटेशन गेम’साठी त्यांना दिग्दर्शनाचं ऑस्कर नामांकन मिळालं. इथे वेउमला परक्याच्या घरात डोकवावं लागत नाही, त्याच्या स्वतःच्या तरुणपणातली माणसंच प्रकरण बनून समोर येतात. सेइम यांचा चेहरा या चित्रपटात सर्वांत उघडा पडतो. प्रश्न विचारताना तो नजर चुकवतो, कारण उत्तरात त्याचाही वाटा असू शकतो. टिल्डुम कॅमेरा त्या चेहऱ्यावर थांबू देतात. बाकीच्या अनेक चित्रपटांत अशा क्षणी दृश्य तुटून पुढच्या सुगाव्याकडे धाव घेतली जाते.

२३ जून

पाऊस. पुण्यात आज दुपारपासून लागलाय, म्हणून आजच हा भाग लिहायला घेतला.

बर्गनला वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आकडा मुंबईच्या जवळपासचाच. पण मुंबईत तो चार महिन्यांत कोसळतो आणि बर्गनमध्ये बाराही महिने झिरपत राहतो. २००६ च्या ऑक्टोबरअखेरीपासून २००७ च्या जानेवारीपर्यंत तिथे सलग ८५ दिवस पाऊस झाला. समुद्रावरून येणारी ओली हवा गावाभोवतीच्या सात डोंगरांना अडते आणि सगळं पाणी तिथेच सांडतं.

खासगी गुप्तहेराच्या चित्रपटाला याहून सोयीचं गाव मिळणार नाही असं वाटतं, पण पाऊस कॅमेऱ्यात सहज सापडत नाही. धारांच्या मागून प्रकाश टाकला तरच त्या दिसतात, समोरून टाकला की नाहीशा होतात. म्हणून चित्रपटांतला पाऊस बहुधा नळीने पाडलेला असतो, जाड थेंबांचा. बर्गनची बारीक झड अशी पकडता येत नाही. पकडता येतात तिच्या खुणा: दगडी रस्त्यावर ताणलेले दिव्यांचे पट्टे, काळपट झालेल्या लाकडी भिंती, खिडकीबाहेर राखाडी पडून राहिलेलं बंदर. वेउमपट चांगले असतात तेव्हा पावसाची आतषबाजी करत नाहीत. माणसं ओल्या अंगाने घरात येतात, कोट टांगतात, बोलायला बसतात. कुणी पावसाचा उल्लेखही करत नाही, आणि ते गाव खरं वाटतं.

याच्या अगदी उलट टोकाचा प्रयोग नॉर्वेनेच करून दाखवलाय. एरिक शोल्ब्यर्ग यांच्या १९९७ च्या ‘इन्सॉम्निया’त उत्तर नॉर्वेचा मध्यरात्रीचा सूर्य आहे, आणि स्टेलान स्कार्सगार्ड यांचा पोलीस त्या न मावळणाऱ्या उजेडात कोसळत जातो. तो पोलीसपट म्हणून माझ्या विषयाबाहेर. पण जागेचा उजेड पात्राच्या अपराधभावाशी कसा जोडायचा, याचा तो वस्तुपाठ आहे, आणि वेउमपटांत ही जोडणी क्वचितच साधते. त्यांतल्या बऱ्याच दृश्यांत बर्गन वरून, उंचावरून दिसतं. बंदर, डोंगर, दिव्यांची रांग. सुंदर दिसतं, पण वेउमचं बर्गन खालून पाहायचं आहे. नॉर्डनेसच्या अरुंद बोळांत वाढलेल्या पोराचं ते गाव. वरून दिसतं ते पाहुण्यांचं.

१ जुलै

उणिवांकडे आले. संपादकांनी बजावलंय की कौतुक पुरे.

सर्वांत मोठी उणीव काळाची. कादंबऱ्यांतला वेउम १९४२ चा. तो काळाबरोबर म्हातारा होतो. सत्तरच्या दशकातल्या बर्गनमध्ये तो पस्तिशीचा आहे, एकविसाव्या शतकात साठीचा. युद्धाचं बालपण, तेलाचा पैसा, कारखाने बंद पडणं, वेश्याव्यवसायाची बदलती रूपं, हे सगळं त्याच्या एका आयुष्यातून जातं. चित्रपटांनी चार दशकांच्या कथा उचलून २००७ नंतरच्या पाच-सहा वर्षांत कोंबल्या. सेइम १९७१ चे. वेउम कायमचा तरणाबांड राहिला.

यात काय गेलं ते पाहा. सायकलवाल्या मुलाच्या कथेत उंच इमारतींची वस्ती नवी होती. लाकडी घरांतून, गजबजलेल्या गल्ल्यांतून उचलून माणसं तिथे ठेवलेली. एकटी आई, ओळखी नसलेले जिने, मोकाट सुटलेली पोरं. त्या नवेपणातच कथेचा अर्थ होता. तीस वर्षांनी त्या इमारती म्हणजे नुसत्या इमारती. १९८३ च्या ‘इ मोर्केट एर आले उल्वेर ग्रो’ या कादंबरीत निवृत्त पोलीस जुन्या कारखान्यातल्या आगीची आणि युद्धकाळातल्या फितुराची आठवण काढतो. युद्धात तरुण असलेली माणसं ऐंशीच्या सुमारास साठीत असतात, हे गणित जमतं. २०११ मध्ये ते जसंच्या तसं नेता येत नाही.

स्टोलेसेनचा गुन्हा नेहमी काहीतरी जुनं उकरून काढतो. जुन्याला तारीख नसेल तर ते केवळ घराण्याचं गुपित उरतं. चित्रपटांत म्हणूनच शेवटी सगळं एका कुटुंबात येऊन मिटतं. बाप, सावत्र बाप, भाऊ. कारखान्याने नाल्यात सोडलेली रसायनं, नगरपालिकेने काणाडोळा केलेला करार, हे सुरुवातीला येतं आणि मधेच विरघळतं. प्रेक्षकाला खुनी मिळतो. ज्या व्यवस्थेत तो खून पिकला ती मात्र हातून निसटते.

८ जुलै

दुसरी उणीव, स्त्रिया. गिऱ्हाईक म्हणून येणारी, वेउमच्या जवळ येणारी, आणि मग मरणारी किंवा खोटी निघणारी बाई. हा साचा अमेरिकेहून आला आणि नॉर्वेने तो तपासून घेतला नाही. कामावर, कायद्यात, संसदेत स्त्रिया जिथे कधीच्या पुढे गेल्यात त्या देशाच्या चित्रपटांत ही जुनाट रचना जास्तच खटकते. करीनला दुसऱ्या संचात जागा मिळाली, पण तिचं काम, तिची अक्कल, कागदपत्रांतून माणूस शोधण्याचं तिचं कसब पडद्यावर फार कमी दिसतं. मला तिच्यावर एक अख्खा चित्रपट पाहायला आवडला असता.

तिसरी, शेवटची वीस मिनिटं. वेउम एकटाच जातो, मार खातो, बांधला जातो, हाम्रे उशिरा पोचतो. कादंबऱ्यांत वेउमचं शस्त्र त्याची जीभ आहे. तो लोकांना बोलतं करतो, कारण बोलतं करणं हा त्याचा जुना पेशा. समाजसेवकाने मिळवलेला कबुलीजबाब आणि ठोशांनी मिळवलेला कबुलीजबाब यांत फरक आहे, आणि चित्रपट घाईत असले की ठोसा निवडतात.

फ्लोबेर्गबद्दल मात्र मनापासून लिहायचंय. कादंबऱ्यांत वेउमवर खार खाणारा मूस आणि त्यामानाने सभ्य हाम्रे अशी पोलिसांची जोडी आहे. चित्रपटांनी सगळा भार हाम्रेवर टाकला. फ्लोबेर्ग तो भार फार कमी हालचालीत पेलतात. वेउम दारात दिसला की त्यांचा खालचा ओठ थोडा आत जातो, बस. त्या एका ओठात चीड आहे आणि हा माणूस आपल्याआधी पोचणार याची खात्रीही आहे. बाराही चित्रपटांत या दोघांच्या समोरासमोरच्या दृश्यांना मी कंटाळले नाही.

१४ जुलै

‘डोडेन्स द्राबांटेर’ पुन्हा पाहिला. २०११ चा, दिग्दर्शन सेइम यांचं स्वतःचं. लेख आता याच्याभोवती बांधायचा असं पक्कं झालंय.

मूळ कादंबरी २००६ ची. खात्यात असताना वेउमने ज्याला एका मोडक्या घरातून बाहेर काढलं होतं तो चिमुरडा पुढे पुन्हा एका मृत्यूच्या जागी सापडतो, आणि मोठा झाल्यावर आपल्या पालक-आईबापांच्या खुनाचा आरोपी म्हणून वेउमसमोर येतो. कादंबरी १९७० पासून पंचवीस वर्षांचा पट घेते. प्रत्येक टप्प्यावर सरकारने काहीतरी चांगलंच करायचं ठरवलं होतं. प्रत्येक टप्प्यावर कागद बरोबर भरलेले होते.

चित्रपटाने पट आखूड केला, पण मधलं नातं सोडलं नाही. आरोपी तरुण वेउमकडे पाहतो तेव्हा त्याला गुप्तहेर दिसत नाही, लहानपणी हात धरून गाडीत बसवणारा तो माणूस दिसतो. आणि वेउमला समोर संशयित दिसत नाही. हा तरुण कोण आहे हे वेउमला शोधायची गरजच नाही, तो त्याला त्याच्या दाईपेक्षा बरा ओळखतो. प्रश्न एवढाच राहतो की मी तेव्हा तुला नेलं ते बरोबर केलं का. खुनाचा उलगडा झाला तरी याचं उत्तर मिळत नाही, आणि सेइम यांनी ते ओढूनताणून दिलेलंही नाही. नट म्हणून हे पात्र वर्षानुवर्षं अंगावर वागवल्यामुळे त्यांना कळलं असावं की या माणसाचा खरा गुन्हेपट पोलिसांकडे नोंदलेलाच नाही, तो बालकल्याण खात्याच्या फायलीत आहे.

मावसबहिणीनेही तो याच आठवड्यात पाहिला. तिचा निरोप आला: “ताई, मधेच बंद केला. उद्या बघते.” दुसऱ्या दिवशी फोनवर ती चित्रपटाबद्दल थोडंच बोलली, बालवाडीतल्या कामाबद्दल बरंच. ते मी इथे लिहीत नाही.

२७ जुलै

लेखाच्या कडेला ठेवायचे दोन चित्रपट, झटकन.

बोर्ड ब्रेयेन यांचा २०१३ चा ‘डिटेक्टिव्ह डाउन्स’. डाउन सिंड्रोम असलेला रॉबर्ट खासगी गुप्तहेराची कचेरी थाटतो. ही भूमिका तशाच नटाने, स्वेइन आंद्रे हॉफ्सो यांनी केलीय. टोपी, कोट, सावल्या, सगळी अमेरिकी सामग्री हौसेने मांडलेली. चित्रपट मधे सैलावतो, पण रॉबर्ट माणसांवर विश्वास ठेवतो आणि म्हणून माणसं त्याला खरं सांगतात, ही कल्पना मला वेउमच्या जवळची वाटते.

मुलांसाठीचा ‘ओपेराशोन मोर्केमान’, २०१८ चा. योर्न लीएर होर्स्ट यांच्या पुस्तकांतल्या तिरिल आणि ऑलिव्हर या दोन पोरांची स्वतःची गुप्तहेर कचेरी, सोबत कुत्रा. हलकाफुलका. अंक घरातली मुलंही चाळतात, म्हणून एक ओळ.

चित्रपटगृहांविषयीही थोडं घालायचं होतं. १९१३ च्या कायद्याने चित्रपट दाखवण्याचे परवाने नगरपालिकांच्या हाती गेले, आणि नॉर्वेतली बहुतेक चित्रपटगृहं कित्येक दशकं पालिकांच्याच मालकीची होती. सरकारी बालकल्याणातून हाकललेल्या नायकाची गोष्ट सरकारी पडद्यांच्या परंपरेतल्या देशात. आवडता मुद्दा, पण लेख आडवाटेला जातो. काढला.

३ ऑगस्ट

लेख पाठवला. संपादकांचं उत्तर दुपारीच आलं. लेख घेतलाय, कुठले चित्रपट आधी पाहावेत या चौकटीतला क्रम मात्र त्यांना बदलायचाय. ‘फाल्ने एंगलेर’ आधी हवा, कारण दिग्दर्शक नावाजलेला आणि वाचक ऑस्करच्या उल्लेखाने थांबतो. मी नकार कळवला. नवख्या वाचकाने आधी ‘डोडेन्स द्राबांटेर’ पाहावा, म्हणजे हा माणूस कोण हे कळतं. मग ‘फाल्ने एंगलेर’. मग ‘बित्रे ब्लोमस्टेर’, साचा कुठून सुरू झाला ते दिसायला. बाकीचे ज्याला गोडी लागेल त्याने शोधावेत, आणि शोधताना सुरुवातीची वीस मिनिटं नीट पाहावीत, कारण जे काही खरं आहे ते बहुतेक तिथे असतं: दार उघडतं, कुणीतरी आत येतं, आणि वेउम विचारतो की मूल कुठे आहे.

संध्याकाळी त्यांचा होकार आला. छायाचित्रासाठी स्ट्रांडकायेनवरचा पुतळा हवाय. मावसबहीण शनिवारी काढून पाठवते म्हणाली, पाऊस असला तरी.